मेलेल्या माणसाचं काम

माहा लहाना भाऊ धनंजय टीव्हीत मरायचं काम करे. हासू नका. सतरा वर्षं मुंबईत काढली त्यानं, अन् हिंदी सिरियलवाले त्याले बोलावत ते बहुतेक मुडदा म्हणूनच. कधी अपघातातला, कधी दवाखान्यातला. पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा माय टीव्हीसमोर ऊर बडवून रडली. तवा त्यानं फोनवर सांगतलं, "माय, मी टीव्हीत मेलेलो दिसलो का टाळ्या वाजवत जाजो. तुह्या पोराले काम भेटलं समज." तेव्हापासून आमची माय, आनंदाबाई, पोरगा मेला का टाळ्या वाजवे.

तो खराच मेला अकरा एप्रिलले. सेटवर, छातीत कळ येऊन. फोन मले आला. माह्या सुरभीचं लग्न सव्वीसले होतं. पत्रिका केळझरच्या गणपतीपुढं ठेवून झालती. सख्खा काका गेला म्हटलं का लग्न वर्षभर पुढं, अन् पोराकडचे तं आधीच तोंड फुगवून बसलेले. माह्या बायकोनं, छायानं, माह्याकडं पाह्यलं, मी तिच्याकडं. मायले सांगतलं, धनूले आहेराचे कपडे देऊन येतो.

मुंबईतच त्याले अग्नी देला. तिथं न्हावी वस्तरा घेऊन उभा होता, "बसा भाऊ" म्हणे. मी म्हटलं, नको. डोकं भादरून सिंदीले उतरलो असतो तं स्टेशनावरच गावाले समजलं असतं. येताना मायसाठी हिरवं लुगडं घेतलं. "धनूनं पाठवलं," म्हटलं. "शूटिंगले परदेशात चालला तो. लग्नाले जमत नाई म्हणे."

माय तेच लुगडं नेसून मांडवात नाचली. मीही नाचलो. लाज नाई वाटली मले! बँडवाल्याले वरतून म्हटलं, वाजव जोरात.

आज सांगतो, उद्या सांगतो करता करता चार महिने गेले. माय रोज विचारे, "धनू फोन काऊन करून नाई राह्यला?" मी म्हणो, तिकडं रेंज नाई. टीव्हीचं रिचार्जही मी मारलं नाई. दरसाली ते टीव्हीवाल्याइचं बक्षिसाचं मोठं फंक्शन लागते, देशभरातल्या सिरियलीचं. माय ते कधी सोडत नसे. धनू मागच्या एखाद्या खुर्चीत दिसंन म्हणून डोळे फाडून पाहे.

ऑगस्टातल्या एका रविवारी दुपारी घरी आलो तं माय नाई. शेजारच्या शोभाबाईकडं टीव्ही चालू होता. पायातल्या चपला तशाच घेऊन मी आत घुसलो.

सगळ्यात चांगल्या मालिकेचं बक्षीस धनूच्याच सिरियलले भेटलं होतं. त्यात तो वर्षभर चौकीदार झालता. जित्या माणसाचं काम, पहिल्यांदाच. हिरोइन ट्रॉफी छातीशी धरून डोळे पुसून राह्यलती. मागच्या पडद्यावर धनूचा हार घातलेला फोटो.

माय टाळ्या वाजवून राह्यलती. "पाह्य वं शोभा, मेला पुन्हा! कसं दिसते माहं पोरगं हार घालून!"

"चाल माय, जेवाले," मी म्हटलं.

हिरोइन म्हणे, "ये अवॉर्ड हमारे धनंजय दादा के नाम. ग्यारह अप्रैल को, सेट पर ही, वो हमें छोड़कर चले गए."

मायचे हात थांबले.

"सिरियलमधी त्याचं नाव धनंजय कधीच नसते," ती म्हणे. मग बोटं मोजायले लागली. अकरापासून सव्वीसपर्यंत मोजलं तिनं. अंगावर तेच हिरवं लुगडं होतं. पदर पुढं करून म्हणे, "हे कोणं घेतलं?"

"मी घेतलं, माय."

मी तिच्या पायावर पडलो. म्हटलं, पोरीचं लग्न मोडलं असतं, माय. मी काय करू? ती रडली नाई. माह्या डोक्यावर हात ठेवला. मले वाटलं, माफ केलं. पण ती माहे केस चाचपून पाहत होती.

"त्याच्यासाठी एवढंही नाई देलं तू," ती म्हणे.

घरी येऊन तिनं आंगणात पाट मांडला. ज्या दिवशी कानावर पडलं त्या दिवसापासून सूतक, म्हणे. माहा धनू आज मेला. छायाले पाठवून बंडूजी न्हाव्याले बोलावलं. बंडूजी पेटी घेऊन आला. मी शर्ट काढला अन् पाटाजवळ गेलो.

माय मधी उभी राह्यली. "याचं नको भादरू, बंडूजी. हा त्याचा कोणी नाई."

अन् अंबाडा सोडून ती स्वतः पाटावर बसली.