दाराची आतली बाजू

"गेणभाऊ, गाडी करताय का तिजोरी?" पत्रा मोजता मोजता दुकानदार उत्तमचंदशेठांनी विचारलं. "माणसं झोपायचीत ना आत? हवेला जाळी न्या."

"जाळीतनं पंजा येतो, शेठ. फटच ठिवायची न्हाई."

शेठ हसले नाहीत. निमगाव साव्याच्या उसातला बिबट्या आता दिवसाढवळ्या वस्तीवर येत होता.

गेणभाऊंनी जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधल्या. ही शेवटची, आणि ती सखूबाईसाठी. कीर्तनात तिचा जीव. पण दम्यानं छाती धरली, गुडघे गेले, आणि सप्ताहातून रात्री परतायची तर कुणाचीच छाती होईना. यंदा सप्ताह पेठ गावात, तिच्या माहेरी. मग मोबाइलवर पाहिलेली गाडी गेणभाऊंनी अंगणात उभी केली. पाण्याच्या थेंबासारखी; पुढे गोल, मागे निमुळती, आत दोघांपुरती गादी. जीपला जोडायची, मंडपाशेजारी लावायची आणि पडल्या पडल्या हरिनाम ऐकायचं.

रंग वाळला त्या दुपारी सखूबाई आत जाऊन पडली.

"अवं, देव्हाऱ्यात बसल्यावानी वाटतंय."

"मंग नैवेद्य काय आनू, देवीबाई?"

ती हसली, तोच उसाच्या अंगानं कुत्रं केकाटलं आणि बांधापलीकडून साळुबाईची हाक आली, "धावा वो! बिबट्या शिरला गोठ्यात!"

गेणभाऊंनी काठी उचलली. "हलू नगं, सखू. हितं तुला भ्या न्हाई." त्यांनी दार लोटलं, बाहेरून लोखंडी खिट्टी सारली आणि पळाले.

साळुबाईची शेळी गेली होती. माणसं उसाभोवती डबे बडवत राहिली. बिबट्या दिसला नाही.

ते परतले तेव्हा अंगणातल्या ओल्या मातीत पंजे उमटले होते. गाडीभोवती एक फेरा. दाराच्या नव्या रंगावर लांबलचक ओरखडे.

"सखू!"

आतून आवाज नाही. खिट्टी ओढताच सखूबाई अंगावरच कोसळली. ओठ काळेनिळे. किती तरी वेळानं श्वास ठिकाणावर आला.

"आतनं कडीच न्हाई वो," ती म्हणाली.

गेणभाऊंनी दाराकडे पाहिलं. ट्रॉलीची खिट्टी नेहमी बाहेरच असते. आतल्या मालाला कधी दार उघडावं लागत नाही. हात सवयीनं चालले होते.

"ठोकत व्हते मी. मंग भायेरनं बी कोन तरी खरवडाया लागलं. मंग ठोकायचं बी सोडलं."

दाराच्या आतल्या प्लायवूडवर, ऐन बाहेरच्या ओरखड्यांच्या उंचीवर, तिच्या नखांच्या रेघा होत्या.

गेणभाऊंनी आतून कडी बसवली, हवेला भोकं पाडली. गाडी पेठेला गेली. सगळा गाव ओरखडे बघायला लोटला.

"माउलीनं राखलं, गेणभाऊ!" कीर्तनकार महाराज म्हणाले. "आता आतनं दाखवा की!"

गेणभाऊंचा हात दारावरून निघेना. महाराजांना नमस्कारही त्यांनी एकाच हातानं केला. सखूबाईनं ते पाहिलं. तिनंच दार उघडलं आणि त्या रेघांवर पाठ टेकून उभी राहिली.

"बघा, म्हाराज. लई निगुतीनं केलीया मालकांनी."

महाराजांनी वाकून गादी पाहिली, कौतुक केलं. टाळ वाजू लागले तशी माणसं पांगली.

सखूबाईनं आत वाकून आपली वाकळ ओढून घेतली, काखेत मारली आणि हळूहळू मंडपातल्या बायकांकडे निघाली.