तळाला चिकटलेल्या पेशी

मानवजातीच्या ल्युकेमियाविरुद्धच्या लढाईतला निर्णायक क्षण मंगळवारी सकाळी साडेदहाला उगवला आणि सव्वाअकराला मावळला. मधल्या पाऊण तासात मार्गदर्शक सरांनी संस्थेच्या संचालकांना फोन केला, एवढंच नुकसान.

लॅबमधल्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनीला सगळे जुन्या ताई म्हणत. पीएचडीचं सातवं वर्ष. शुक्रवारी प्रबंधाची मुदत संपत होती आणि निष्कर्षांच्या प्रकरणात अजून नुसतं शीर्षक होतं. विषय ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. हा पेशीतला मुकादम. कोणत्या जनुकानं कामाला लागायचं नि कोणी गप्प बसायचं, ते तो ठरवतो. अक्यूट ल्युकेमियात तोच बिघडतो. मग रक्ताच्या कोवळ्या पेशी जाणत्या होतच नाहीत, नुसती खोगीरभरती चालू राहते. धडधाकट मुकादम परत घातला की त्या वयात येतात आणि तरंगायचं सोडून बशीच्या तळाला चिकटतात, असं ताईंचं म्हणणं. पेशींचं म्हणणं सात वर्षं वेगळं होतं.

"मोठ्या कधी व्हायच्या गं तुझ्या पेशी?" आत्या दर रविवारी विचारायची. "तुझ्यावरच गेल्यात मेल्या."

आणि मंगळवारी त्या चिकटल्या. ताईंनी बशी हलवून पाहिली. एक जागची हलेल तर शपथ.

"सर, चिकटल्या!"

सरांनी भिंगातून पाहिलं नि थेट फोन उचलला. त्या लॅबची रीतच होती: फॅक्टर घातलेली बशी आधी बघायची, तुलनेसाठी ठेवलेली, न घातलेली मागाहून. चांगली बातमी ताटकळत ठेवू नये, हे सरांचं तत्त्व.

मग ताईंनी दुसरी बशी पाहिली. त्याही चिकटलेल्या.

"सर, यांना तर आपण काहीच घातलं नव्हतं."

सर विचारात पडले. "शेजारच्या बशीचा प्रभाव..."

"झाकण होतं, सर."

"मग संगत म्हण."

ताईंनी केराच्या टोपलीतून बश्यांचं खोकं काढलं. नेहमीच्या बश्या संपल्या म्हणून स्टोअरवाल्यानं सोमवारी हे दिलं होतं. लेबलावर ठळक छापलेलं: त्वचेच्या पेशींसाठी, तळाला चिकट लेप.

"लेबल कोणी वाचलं नाही?" सरांनी दरडावलं.

"तपासून घेतल्याच्या सह्या आपल्या दोघांच्याच आहेत, सर."

तेवढ्यात संचालक आले, भिंगावर वाकले. "वा! काय घट्ट बसल्यात!"

"हो ना," सर म्हणाले.

शुक्रवारी जुन्या ताईंनी आणखी सहा महिन्यांची मुदत मागितली. गेल्या वेळच्या अर्जात फक्त तारीख बदलावी लागली.