मांजर गवत खात नाही

मी एक जुना, पुठ्ठ्याचा खेळ आहे. मित्रांनो, संगणकाच्या खोलीतल्या कपाटात, बंद पडलेल्या कीबोर्डांमागे माझा डबा आहे. त्यावर 'प्राणिघर' असं लिहिलंय. धूळ पुसलीत तर दिसेल.

संगणकाच्या मॅडमनी मला बुटांच्या खोक्यातून घडवलं. प्रोग्रामिंगमधला क्लास म्हणजे काय आणि ऑब्जेक्ट म्हणजे काय, हे मुलांना फळ्यावर काही केल्या उमजेना. व्याख्या घडाघडा म्हणायची, पण उदाहरण विचारलं की तोंडाला कुलूप. मग मॅडमनी एक मोठं निळं कार्ड कापलं. तो क्लास, म्हणजे साचा. त्याचं नाव 'प्राणी'. त्यावर लिहिलं: प्राण्याला नाव असतं, भूक असते, तो खातो, झोपतो. त्यानंतर कापली छोटी पांढरी कार्डं. ते ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातून निघालेले प्राणी. कुणाची गाय, कुणाचा ससा, कुणाची शेळी. नियम कडक होता. निळं कार्ड सांगेल तसंच पांढऱ्यानं वागायचं, आणि भूक फार वाढली की बाद.

निळ्या कार्डावर 'खाणे' या शब्दापुढे एकच शब्द होता, गवत.

माझ्यासाठी मुलं भांडायची. हाताळून हाताळून माझे कोपरे मऊ पडले, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. एक मात्र सलायचं. पांढऱ्या कार्डांत एक मांजरही होती. ती गवत खायची नाही आणि बाद व्हायची. मुलं हसायची, दुसरं कार्ड उचलायची.

त्या वर्गात एक मुलगी होती. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. या विषयात ती पुन्हा पुन्हा नापास होत होती. एके दिवशी तिची आई दाराशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, हिचं नाव काढा या विषयातून. ताटावरून उठते हो रडत. माझ्यावरच गेलीय. मलाही असलं कधी जमलं नाही."

"एवढा तास होऊ द्या, ताई," मॅडम म्हणाल्या. "मग तुम्ही म्हणाल तसं."

चिमणीच्या वाट्याला नेमकी मांजर आली. "टाक ती, दुसरं घे," शेजारीण म्हणाली. चिमणीने टाकली नाही. सगळे आपापल्या प्राण्यांत गुंतले होते तेवढ्यात तिने खोडरबर घेतलं, निळ्या कार्डावरचं 'गवत' खोडलं आणि लिहिलं, 'मासे'.

पुढचा डाव सुरू झाला आणि एकच गलका झाला.

"अगं, माझी गाय मासे खाणार?"

"माझा ससा बघ, गळ टाकून बसलाय!"

आधी हशा पिकला. मग शेळी बाद, ससा बाद, गायी बाद. हसू विरलं.

"कुणी केलं हे?" मुलं ओरडली.

"मी," चिमणी म्हणाली. "माझी मांजर उपाशी होती."

दारातली आई पुटपुटली, "बघितलंत? म्हटलं नव्हतं मी?"

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी निळं कार्ड हातात घेतलं. "इथे गवत मी मुद्दाम लिहिलं होतं. इतकी मुलं खेळून गेली, पण मांजरीला वाचवावं असं कुणाला वाटलं नाही. तुला वाटलं, ते बरोबरच. पण हात कुठे घातलास?"

"साच्यात."

"म्हणून?"

"सगळ्यांचंच बदललं."

"मग साच्याला धक्का न लावता मांजर कशी जगवशील?"

चिमणीची मान खाली गेली. आईने पर्स खांद्यावर घेतली. आणि मग चिमणीने हात पुढे केला. "एक कोरा निळा तुकडा द्या ना."

त्यावर तिने लिहिलं: 'मांजर. बाकी सगळं प्राण्याकडून. खाणे: मासे.' मग मोठ्या निळ्या कार्डावरचं 'मासे' खोडून तिने 'गवत' परत लिहिलं. गायी चरू लागल्या. मांजरही जेवली.

"याला वारसा म्हणतात," मॅडम वर्गाला म्हणाल्या. "साच्याकडून सगळं घ्यायचं. जे आपल्याला लागू पडत नाही, तेवढंच आपल्या पद्धतीनं करायचं."

आई आत आली. तो तुकडा तिने उचलला, वाचला, परत जागच्या जागी ठेवला. "राहू द्या नाव," ती म्हणाली. मग चिमणीकडे वळून, "डबा खाल्लास का?"

"आता खाते."

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. खेळ पडद्यावर आले; तिथल्या गायी खरंच चालतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, मुलं शिकतात ना, झालं. पण माझा ससा आता डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घडी होऊन बसलाय, आणि शेळी कुठे गेली कुणास ठाऊक. निळ्या कार्डावर मात्र 'गवत'च्या खाली 'मासे' अजून पुसट दिसतं. तो निळा तुकडाही मी जपून ठेवलाय.

मित्रांनो, कपाट आवराल तेव्हा मला रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून बघा. कुठल्याही साच्याला हात लावताना त्याच्या जिवावर कोण कोण जगतंय ते आठवा. आणि तुमच्या वाट्याला उपाशी मांजर आली, तर दुसरं कार्ड उचलू नका.