कोटाचा उजवा खांदा

त्या जुन्या विनोदी लेखकाचा कोट प्रदर्शनासाठी रफू करायला आला आणि रफूवाल्या बाई वैतागल्या. लिहिणाऱ्या माणसाचं कोपर विरतं. इथे कोपरं धडधाकट आणि उजव्या खांद्याची पार चाळण! चिमट्याने धागे सोडवताना हिरव्या रंगाचे कण निघाले.

लेखकाच्या घराचंच आता संग्रहालय झालं होतं. कोट घेऊन बाई तिथे गेल्या. हिरवं दार एकच होतं, आतल्या खोलीचं. त्याला कडी बाहेरून.

"इथे त्यांची बायको अकरा वर्षं होती," रखवालदार म्हणाला. "डोकं फिरलं होतं म्हणे. साहेब या दाराशी उभे राहूनच लिहायचे."

"दार दाबून धरायला?"

"कडी होती की त्याला. देव जाणे, बाई."

बाईंनी कोट दाराला लावून पाहिला. रंग उडालेल्या जागेवर खांदा नेमका बसला. लोकांना पोट धरधरून हसायला लावणारा माणूस, आणि हे असं! रागारागाने कडी काढून बाई आत गेल्या आणि त्यांनी दार मागे लोटलं.

दाराच्या आतल्या बाजूलाही खांद्याएवढाच रंग टेकून टेकून उडाला होता. अगदी तिथेच, फक्त वीतभर खाली.