आडवा झालेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, पण मित्रांनो, मला शोधायला चौकटीकडे पाहू नका. चौकट रिकामी आहे. मी खिडकीपाशी सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा पडलेला असतो, पाठीवर नकाशे पांघरून. लोक मला टेबल म्हणतात. मी ऐकून घेतो.

सुट्टीच्या दिवशी कचेरी बंद असते. ऊन हळूहळू माझ्या अंगावरून सरकत जातं आणि मला माझं झाडपण आठवतं. तेव्हा माझ्या आतून पाणी गुपचूप वर चढायचं, शेंड्यापर्यंत. सालीवरून मुंग्यांचा रस्ता जायचा. पाण्याने कधी मुंग्यांना अडवलं नाही की मुंग्यांनी पाण्याला. दोघंही आपापल्या वाटेने वर, उजेडाकडे. देवाने एकाच खोडात किती गोष्टी सुखाने नांदवल्या होत्या!

मग सुतार आला. रंधा मारताना तो तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायचा, त्याचा सूर अजून माझ्या रेषांत आहे. शेवटचा हात फिरवताना तो म्हणाला, "कुरकुरू नकोस हं बाळा, जन्म सगळा उघडझाप करण्यात जायचाय."

मला शहराच्या कचेरीत आणून दोन खोल्यांच्या मध्ये बसवलं. एका बाजूला पाणी विभाग, दुसऱ्या बाजूला रस्ते विभाग. सुरुवातीला मी दिवसातून पन्नास वेळा उघडायचो. कुणाला पट्टी हवी, कुणाला पेन्सिल, कुणाला नुसत्या गप्पा. काय दिवस होते ते!

एकदा रस्तेवाल्यांनी एक गुळगुळीत रस्ता केला आणि चौथ्या दिवशी पाणीवाल्यांनी तो नळासाठी खणला. साहेब साहेबांशी भांडले. मला कुलूप लागलं, किल्ली कुठे गेली देव जाणे, आणि दोन्ही बाजूंनी माझ्या अंगाला कपाटं लावली गेली. एकोणीस वर्षं मी उजेड पाहिला नाही. या खोलीतलं पत्र त्या खोलीत जायचं तर ते जिना उतरायचं, आवक-जावकच्या टेबलावर विसावायचं आणि दुसरा जिना चढायचं. माझी जाडी दोन इंच, पण ती ओलांडायला पत्राला चार दिवस लागायचे.

ऐका तर, पुढे काय झालं. रुग्णालयाकडे जाणारी एक अरुंद गल्ली आहे. ती एका वर्षात तीनदा खणली गेली. रस्ते विभागाच्या मुकादमांची आई दर सोमवारी चाकाच्या खुर्चीतून तिथे उपचाराला जायची. तिसऱ्या वेळी खड्ड्यावर नुसती फळी होती. मुकादमांनी आईला उचलून पलीकडे नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या बाजूचं कपाट ढकललं आणि माझ्यावर टकटक केली.

"कोण आहे?" पलीकडून आवाज आला. पाणी विभागाच्या नकाशे काढणाऱ्या बाई होत्या त्या.

"रस्ते."

"इकडे पाणी. बोला."

"बाई, ती रुग्णालयाची गल्ली परत खणणार आहात का?"

"पुढच्या आठवड्यात. पत्र पाठवलंय की."

"मिळालं नाही."

"मिळेल. कालच निघालंय."

"आम्ही तर उद्या डांबर टाकतोय."

बाईंनी नकाशा उलगडून पाहिला. मग म्हणाल्या, "अहो, मग थांबा ना चार दिवस. आधी आम्ही नळ टाकतो."

इतकंच. एकोणीस वर्षांचं कोडं कपाटाआडून दोन मिनिटांत सुटलं.

किल्ली नव्हती, म्हणून मुकादमांनी माझ्या बिजागऱ्याच काढल्या. बाईंनी त्या पुसून आपल्या खणात ठेवल्या. मला घोड्यांवर आडवं केलं. खाली रस्त्यांचा नकाशा आणि वर पारदर्शक कागदावर नळांचा, दोन्ही टाचण्यांनी माझ्यावर टोचलेले. दोन्ही नकाशे पाहिल्याशिवाय कुदळ उचलायची नाही, असा नियम ठरला. टोचायचं थोडं, पण मला झाड असल्यासारखं वाटायचं. अंगातून पुन्हा पाणी आणि रस्ता शेजारी शेजारी जात होते.

तीन वर्षं अशी गेली आणि एक परिपत्रक आलं. लोकांच्या सेवेत नवी कल्पना लढवणाऱ्या आणि एकमेकांच्या साथीने काम करणाऱ्या कचेऱ्यांना पुरस्कार मिळणार होता. पाण्याच्या साहेबांनी अर्ज केला. रस्त्याच्या साहेबांनीही केला. दोघांनी एकमेकांना पत्ता लागू दिला नाही.

परीक्षक म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. सकाळी त्यांनी पाणी विभागात माझ्यावर हात फिरवला, चहा घेतला आणि कप माझ्यावरच ठेवला. दुपारी पाण्याचे साहेब जेवायला गेल्यावर रस्त्याच्या साहेबांनी मला घोड्यांसकट आपल्या खोलीत उचलून नेलं आणि माझ्यावर चादर घातली. मुख्याध्यापिका आल्या, त्यांनी चादरीचं टोक उचललं आणि शांतपणे म्हणाल्या, "हा गोल डाग माझ्याच कपाचा आहे."

दोन्ही साहेबांना बोलावलं गेलं. कुणी कुणाकडे पाहीना.

"बाई, तुमच्या वर्गात दोघांनी एकच चित्र आपलं म्हणून आणलं तर काय करायचात?" मुकादमांनी हळूच विचारलं. "बाहेर उभं?"

"छे. एका बाकावर बसवायचे. पाच वाजेपर्यंत मला एक अर्ज हवा, दोघांच्या सह्यांचा." आणि त्या व्हरांड्यात जाऊन बसल्या.

"कडी आमच्या बाजूला होती. दार आमचं," पाण्याचे साहेब म्हणाले.

"बिजागऱ्या आमच्या बाजूला होत्या."

"मग लावून टाका परत. नकोच ती कटकट."

मित्रांनो, माझ्या अंगातल्या रेषा न् रेषा थरारल्या. पुन्हा ती कपाटं, पुन्हा तो अंधार. आणि त्या गल्लीत पुन्हा फळी.

नकाशेवाल्या बाईंच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. त्यांनी खण उघडला आणि बिजागऱ्या माझ्यावर ठेवल्या. "घ्या साहेब, जपून ठेवल्यात. लावण्याआधी एवढंच सांगा, येत्या सोमवारी रुग्णालयाच्या गल्लीत काय आहे?"

"डांबर," एक साहेब म्हणाले.

"खोदकाम," दुसरे त्याच दमात म्हणाले.

बाईंनी नकाशावरच्या लाल टाचणीवर बोट ठेवलं. "दोन्ही नाही. सोमवारी यांची आई जाते. तिच्यासारखी आणखी तीस-चाळीस माणसं जातात. सोमवारी तिथे कुणीच हात लावत नाही. आम्ही दोघांनी ठरवलंय, तीन वर्षांपूर्वी."

साहेबांना हे माहीतच नव्हतं. पाण्याच्या साहेबांनी पेन काढलं, ते चालेना. रस्त्याच्या साहेबांनी खिशातलं आपलं पुढे केलं. "घ्या. शाई आहे त्यात." पाचला दहा मिनिटं होती.

पहिलं बक्षीस नाही मिळालं हो. उत्तेजनार्थ मिळालं, तळहाताएवढी ढाल. आता ती कुठल्या खोलीत लावायची? बाईंनी एक दोरी मागितली आणि ती ढाल माझ्या रिकाम्या चौकटीत, वरच्या लाकडाला टांगली. ती दोन्ही खोल्यांकडे आळीपाळीने तोंड फिरवते. दोरी जरा लांब झाली आहे, म्हणून इकडून तिकडे जाणाऱ्याला मान थोडी लववावी लागते. साहेबसुद्धा लववतात. मला ते फार गोड वाटतं, जणू पायरीपाशीच नमस्कार झाला.

बाई बुटक्या. त्यांचं डोकं ढालीला कधीच लागायचं नाही. तरी शेवटच्या दिवशी चौकटीतून जाताना त्यांनी मान लववली, मागे वळून माझ्यावर तळवा ठेवला आणि मुकादमांना म्हणाल्या, "याला तेल लावत जा. आणि बिजागऱ्या आईंकडे द्या सांभाळायला."

बिजागऱ्या आता त्या माऊलीच्या उशापाशी आहेत. मुकादम मला तेल लावतात. बाळांनो, तुमच्या शाळेत, घरात कुठे माझा एखादा भाऊ कपाटामागे कोंडला असेल, तर त्याच्यावर एकदा टकटक करा. पलीकडून कुणीतरी "कोण आहे?" म्हणेलच. आणि माझ्याकडे आलात तर या, बसा, नकाशे पाहा. फक्त गरम कप बशीत ठेवा. एक डाग मी हौसेने मिरवतो, दुसरा नको.