कोळशाचे पाकीट आणि एजेचे पत्र

मी एक जुना चहाचा डबा आहे. खरे तर माझी गोष्ट चहापासून सुरू व्हायला हवी. पण मला राहून राहून आठवते ते एक पत्र. चार महिने ते माझ्या तळाशी पडून होते आणि त्याला उत्तर गेले नव्हते. मित्रांनो, मला रंगवून सांगता येत नाही. जसे आठवेल तसे सांगतो, चुकले तर सांभाळून घ्या.

पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. अंगाला लाल रंग आणि त्यावर सोंड उचललेला हत्ती. मी नारिनला, डोंगरातल्या त्या थंड गावी आलो आणि बुरमाकान आजीच्या लग्नातली भेट म्हणून या घरात पोचलो. चहा पहिल्याच हिवाळ्यात संपला. रिकाम्या डब्यात खिळे पडतात किंवा तो अडगळीत जातो. पण आजीचे यजमान, शायलोबेक आजोबा, गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. वस्तू जागच्या जागी लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी माझ्यात चार पाकिटे उभी केली आणि त्यांवर बारीक अक्षरात लिहिले: पीठ, कोळसा, औषध, तोय. तोय म्हणजे घरचे कार्य. आमच्याकडे कुणाच्या तोयला पैशांचा आहेर नेतात आणि आपल्या तोयला तो फिरून परत येतो.

पगार झाला की आजोबा मला मांडीवर घेत. आधी कोळसा, मग पीठ, मग बाकीचे. उणे तीसच्या थंडीतही या घरची शेगडी कधी विझली नाही. शेजारीण म्हणायची, "बुरमाकान, तुझा हत्ती बँकेपेक्षा हुशार आहे गं!" तेव्हा मी थोडा फुगलो असेन. माझे झाकण घट्ट बसे ते त्यामुळेच, असे मला वाटायचे.

मग त्या एप्रिलमध्ये पत्र आले. आजोबांची थोरली बहीण सोनुनबूबू दूरच्या खेड्यात राहते. तिला सगळे एजे म्हणतात; एजे म्हणजे ताई. तिला कमी ऐकू येते, म्हणून ती फोन करत नाही, पत्र लिहिते. "भावा, सप्टेंबरअखेर धाकट्याचं लग्न आहे. मामाचा मान तुझा. किती जण येणार, काय आणणार, कळव." मामाने घोडा द्यावा, अशी त्यांच्यातली रीत. आजोबांनी पत्र तीनदा वाचले, तोयच्या पाकिटात डोकावले, आणि पत्राची घडी करून ते माझ्या तळाशी सरकवले.

त्याच आठवड्यात आजी बाजारातून क्रेडिट कार्ड घेऊन आली. त्यासोबत एक छत्री फुकट मिळाली होती.

"साठ दिवस व्याजच नाही म्हणे!"

"आणि एकसष्टाव्या दिवशी?" आजोबांनी हळूच विचारले.

"तुमचं नेहमीचंच! पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचं. अहो, घोडा नाही तर नाही, पण मामा रिकाम्या हाताने गेला तर लोक तोंडात शेण घालतील. आणि आपल्या नातवाच्या पाळण्याचा तोय आहेच की पुढच्या वर्षी. सगळं परत येईल."

आजोबांनी छत्री मिटवून कोपऱ्यात ठेवली. वाद ते नेहमीच टाळत.

कार्डावर एक मोठा गालिचा आला, फरच्या कॉलरचे चार कोट आले. सगळे मिळून, आमच्या चलनात, अडुसष्ट हजार सोम. कार्डाला मोजावे लागत नाही, त्यामुळे मला कुणी उघडेना. हत्तीवर धूळ बसली. साठ दिवस केव्हाच उलटले. बँकेची चिठ्ठी येई, आजी त्यातली सर्वांत लहान रक्कम भरी आणि म्हणे, "झालं या महिन्याचं." पण कर्ज तिथल्या तिथेच. मग एके दिवशी तिचा हात कोळशाच्या पाकिटात शिरला. "एवढ्या महिन्यापुरतं," ती स्वतःशीच पुटपुटली. पुढच्या महिन्यातही तेच पुटपुटली. मला झाकण लावून घ्यावेसे वाटले. पण डब्याला स्वतःचे झाकण लावता येत नाही.

ऑगस्टमध्ये कोळशाचा ट्रक गल्लीत भोंगा वाजवत आला. आजीने पाकीट उलटे केले. दीड हजार निघाले.

"एवढ्यात कोळसा नाही, ट्रकाचा धूर मिळेल, ताई," ड्रायव्हर हसला आणि पुढच्या दाराशी गेला.

आमच्या घरची सून नुरजात औषधांच्या दुकानात काम करते. तिचा नवरा परगावी बांधकामावर असतो. तिने तान्ह्याला आजोबांच्या हाती दिले आणि मला दस्तरखानावर, जेवणाच्या कापडावर, उपडे केले. बँकेच्या पाच चिठ्ठ्या पडल्या. शेवटी पत्र पडले.

"आपा, थंडीत गालिचा जाळणार आहोत का आपण?" तिने सासूला विचारले.

"परत येणारच आहे ना आहेर!"

"आहेर आणणाऱ्यांना आधी जेवायला कोण घालणार? मेंढ्याला त्याचीच शेपटी खायला घालायची आणि म्हणायचं, बघा कसा लठ्ठ झाला!"

आजीचे डोळे भरले. तेव्हा आजोबा बोलले. आवाज इतका हळू होता की नुरजातला पुढे वाकावे लागले.

"वाचनालयात बाहेर गेलेलं पुस्तक मी कधी कपाटात मोजलं नाही. आपण नेलेला आहेर म्हणजे बाहेर गेलेलं पुस्तक. येईल तेव्हा आपलं. आणि कार्डाचे पैसे म्हणजे दुसऱ्याचं पुस्तक, उशीर झाला की दंड." ते थांबले. "पण बुरमाकान, चूक तुझी नाही. मी एजेला उत्तर लिहायला भ्यायलो. माझी भीती पोसायला तुला कार्ड आणावं लागलं."

आजीने पदराने डोळे पुसले. मग उठली आणि कोटांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या चाचपू लागली. चिठ्ठ्या जशाच्या तशा होत्या. "घेईल का परत तो?" तिने विचारले.

दुकानदाराने कुरकुर करत, किंमत कापून, गालिचा आणि कोट सगळे परत घेतले. पन्नास हजार आले. उरलेले कर्ज नुरजातच्या पगारातून वर्षअखेरपर्यंत फिटेल. आजोबांच्या पेन्शनमधून दीड टन कोळसा आता, दीड टन ऑक्टोबरात. कार्ड कापले नाही. आजोबांनी त्याला वाचनालयाची जुनी चिठ्ठी गुंडाळली आणि तीवर लिहिले: ज्याचे पैसे पाकिटात आहेत, तेवढ्यासाठीच बाहेर.

मग ते पत्र लिहायला बसले. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिले: "एजे, उशिराबद्दल माफ कर. घोडा आणता येणार नाही. एक मेंढा, आम्ही दोघं आणि आपल्या सात पिढ्यांची नावं माझ्या हाताने लिहून आणतो. कमी वाटलं तर रागाव, पण येऊ दे." सात पिढ्यांची नावे ठाऊक असणे हा आमच्याकडे मोठा मान.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा डबा असेल. तो चकचकीत ठेवला नाहीत तरी चालेल. पण तो अधूनमधून उघडा, आणि रिकामा दिसला म्हणून तोंड फिरवू नका. माझ्यासारख्याला रिकामेपणाची लाज नसते. कुणी पाहत नाही, याचेच दुःख असते.

दुसऱ्या दिवशी पन्नास हजार माझ्या पोटात घालून, मला काखेत धरून आजोबा बँकेत निघाले. आजी बरोबर होती. टपाल कचेरीपाशी त्यांची पावले रेंगाळली. निळ्या पेटीसमोर ते एजेच्या पत्राचे पाकीट हातात घेऊन उभेच राहिले.

"टाका आता," आजी म्हणाली. "नाहीतर मी टाकते."

आजोबांनी श्वास घेतला. पत्र पेटीच्या तळाशी आपटल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पेटीही पत्र्याचीच होती.