नंदीची झूल

घुंगरू तळहातावर गार लागत होतं. पितळेचं, हरभऱ्याच्या दाण्याहून जरा मोठं, एका बाजूनं चेपलेलं... योगेंद्रनं ते कानाशी नेऊन हलवलं. आतला खडा कुठंतरी अडकला असावा. आधी नुसतीच खरखर झाली, मग एकदम खुळखुळलं, आणि त्याला उगाचच बरं वाटलं. समोर अंगणात मयुरीचा लाकडी नंदी उभा होता, चार चाकांचा, शिंगांना सोनेरी बेगड, पोटाला निळा रंग. गळ्यातल्या माळेत बरोबर मधोमध एक जागा रिकामी. आज तान्हा पोळा. संध्याकाळी नालवाडीतली सगळी पोरं आपापले नंदी ओढत मैदानात जमणार, आणि मयुरीनं सकाळी उठल्या उठल्या बापाला बजावलं होतं, ‘बाबा, घुंगरू लावून द्याल न? विसराल नाई न?’

विसरण्यासारखं काम नव्हतंच ते. तार ओवायची, पक्कडीनं एक पीळ मारायचा, झालं. कुलर-पंख्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताचा मळ. त्यानं तार हातात घेतली — आणि खिसा थरथरला.

...बघायचं नव्हतं. खरंच नव्हतं. पण हात खिशात गेला तो डोक्याला न विचारता गेला. अलीकडे त्याच्या हातांना ही सवयच लागली होती. कुठल्याशा बेटांवर, जिथली माणसं त्याला जन्मात भेटणार नव्हती आणि जिथल्या खेळाडूंची नावं उच्चारताना जिभेला गाठी पडत, तिथला सामना चालला होता, आणि पुढच्या षटकात दहाच्या वर धावा होतील असं योगेंद्रनं, वर्ध्याच्या बाजारातल्या एका शहाण्यासुरत्या दुकानदारानं, अंघोळीआधी पैसे लावून ठरवून टाकलं होतं. पडद्यावर आधी एक सजवलेला बैल नाचला. ‘पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा! लकीतुफानवर आज बोनस दुप्पट!’ बघा, म्हणजे त्यांनाही ठाऊक. सात समुद्रांपलीकडे बसलेल्या त्या लोकांनाही आज आपल्याकडे पोळा आहे, हे ठाऊक. नागपूरच्या सख्ख्या मावसभावानं अजून एक शुभेच्छा पाठवली नव्हती.

‘खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत!’

आईचा आवाज. कौशल्याबाई दाराशी रोवलेल्या पळसाच्या फांद्या उपटून वेशीबाहेर टाकायला निघाल्या होत्या आणि मागे गल्लीतल्या पोरांची फौज होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरातली सगळी पीडा अशी मारबतीच्या नावानं ओरडून ओरडून त्या फांद्यांबरोबर हाकलायची. ज्याला जी नको असेल ती त्यानं सांगायची. पोरांना कशाचीच कमतरता नव्हती. ‘होमवर्क घेऊन जा गे मारबत!’ ‘पालकाची भाजी घेऊन जा गे मारबत!’ शेजारच्या रूपरावांनी चहाचा कप हातात घेऊन ओट्यावरूनच नळाचं गढूळ पाणी पाठवून दिलं. आई फाटकाशी थांबली.

‘योगू, तुले काई पाठवाचं हाये का रे? जाऊन राह्यली मी. मंग म्हनू नको, सांगतलं नाई.’

आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, लकीतुफानचं नाव त्याच्या ओठांवर आलं. नुसतं ओरडायचं होतं. एवढ्या कलकलाटात कोण ऐकतंय? पण आत स्वयंपाकघरात त्याची बायको रक्षा करंज्या डब्यात भरत होती आणि डब्याचं झाकण वाजत नव्हतं.

‘तुह्या गुडघ्याचं दुखनं पाठव,’ तो म्हणाला.

‘ते मी कवाच पाठवलं!’ आई हसत निघून गेली, गुडघ्यावर हात ठेवून.

त्यानं मोबाइल खिशात टाकला. त्याच हातात घुंगरू होतं, तेही गेलं.

पायडल मारताच गाडीबरोबर खिसा खुळखुळला. दुकानापर्यंतच्या रस्त्यात त्यानं पाहिलं... खरं म्हणजे पाहायचं नाही असं ठरवल्यामुळे जास्तच पाहिलं. ऑटोच्या पाठीवर लकीतुफानचा तोच लाल रंग, तीच सोनेरी अक्षरं. चौकातल्या फलकावर एक हसरा क्रिकेटवीर बोट रोखून विचारत होता, ‘तुमचं नशीब वाट बघतंय, तुम्ही कशाची?’ त्याचं काय जातं विचारायला. योगेंद्रचे वडील सांगत, त्यांच्या तरुणपणी आकडा लावायचा म्हणजे टॉकीजमागच्या बोळात जावं लागे, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, आणि त्यातही कोणी ओळखीचं भेटलंच तर ‘लघवीला आलतो’ असं सांगावं लागे. त्या बोळाच्या तोंडाशी शरम उभी असायची आणि निम्मी माणसं तिला बघूनच परतायची. आता बोळ नाही, दुपट्टा नाही. न्हाणीघरात, दुकानात, सासऱ्यांच्या तेरवीच्या पंगतीत — हो, तिथंसुद्धा, मठ्ठ्याची वाटी येईपर्यंत — अंगठा हलवला की झालं. शरमेनं बिचारीनं उभं राहायचं तरी कुठं?

उन्हाळ्यात रक्षाला कळलं होतं. ती शाळेत गणित शिकवते. आदळआपट केली नाही, रडलीही नाही. पाटीवर पोराची चूक दाखवावी तसं समजावून सांगितलं, यात नेमकं जिंकतं कोण आणि का. मग मयुरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. ‘काढून टाकलं?’ ‘काढलं.’ आणि काढलं होतंच की! खोटं नव्हतं ते. आठवडाभर त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं शेजाऱ्यांचे पंखे फुकट दुरुस्त करून दिले. मग एक सामना आला, सामन्यात जाहिरात आली, जाहिरातीत ते गाणं... आता ते ॲप कॅलक्युलेटरच्या चित्रामागं लपून होतं. रक्षानं पुन्हा कधी विचारलं नाही, हेच वाईट. विचारलं असतं तर त्यानं चिडून घेतलं असतं, भांडण झालं असतं, हिशेब मिटला असता. ती विश्वास ठेवून बसली होती आणि तो विश्वास घरभर पायात येत होता.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. श्रावण संपल्यावर कुलर कोण घेतो? त्यानं दोनदा घुंगरू काढून गल्ल्यावर ठेवलं आणि दोन्ही वेळा मोबाइल त्याच्या आधी हातात आला.

मैदानावर पोचायला त्याला उशीरच झाला. आंब्याच्या पानांचं तोरण, फुगे, लाउडस्पीकरची शिट्टी, आणि फेटे बांधलेली, नऊवारीत अडखळणारी, मिशा रंगवलेली पोरं, प्रत्येकाच्या हातात एक दोरी, दोरीला एक नंदी. तो गर्दीतून वाट काढत पुढं आला. खिशातून घुंगरू काढलं, आता दोरीनंच बांधू म्हणून... आणि हात तसाच राहिला.

लाल. सगळं लाल. मयुरीच्या नंदीच्या पाठीवर लालभडक मखमली झूल, काठाला जर, आणि मधोमध सोनेरी कलाबतूची अक्षरं इंग्रजीत: लकीतुफान. शेजारच्या सपनाच्या नंदीवरही लकीतुफान. रूपरावांच्या नातवाच्या नंदीवर अर्धंच, ‘तुफान’ तेवढं. ओळीच्या टोकापर्यंत जिकडे बघावं तिकडे त्याचं पाप शिंगं रंगवून, चाकं लावून उभं होतं.

‘कसं दिसून राह्यलं?’ आई बाजूला येऊन उभी. चेहरा असा फुललेला की बघवेना. ‘दिवानात गोधड्या पाहाले गेलती, तं हे ठान सापडलं. म्हटलं, दुकानचं असंल, पडून राह्यलं. इतलं नामी कापड! मंग आपल्याच पोरीले काऊन? साऱ्या गल्लीच्या नंदीले शिवल्या. तुले सांगतलं नाई, म्हटलं गंमत करू.’

गंमत झाली होती. ते ठाण लकीतुफानचा एक गोड बोलणारा माणूस दुकानात देऊन गेला होता. ‘समोर लावा भाऊ, तुमच्या खात्यात बोनस जमा.’ घेताना योगेंद्रला काही वाटलं नाही. लावताना मात्र वाटलं, की रक्षा शाळेतून याच रस्त्यानं येते. फेकवेना, लाववेना... म्हणून दिवाणाच्या पोटात, गोधड्यांखाली. आईला इंग्रजी अक्षर वाचता येत नाही. तिला ते वेलबुट्टीसारखं दिसलं असणार. तिनं तर ते नीट मधोमध येईल असं बेतून कापलं होतं.

‘योगेंद्रभाऊ, झकास कापड आणलं बरं!’ कोणीतरी पाठीवर थाप मारली. रूपराव विचारायला लागले, आणखी उरलं आहे का, पडद्यांना चालेल. आणि कोणालाच, त्या भरल्या मैदानात कोणालाच, काही वावगं दिसत नव्हतं! ते नाव डोळ्यांखालून इतक्या वेळा गेलं होतं की बैलाच्या पाठीवरही ते असणारच, असं त्यांनी धरलं होतं. मागच्या रांगेत एका पोरानं जाहिरातीतलं गाणं सुरू केलं, दुसऱ्यानं उचललं, आणि बघता बघता सगळा तान्हा पोळा एका सुरात गाऊ लागला. शब्द न शब्द पाठ. पाढे म्हणताना यांची बोबडी वळते.

योगेंद्रला हसू यायला लागलं. घाम फुटला होता आणि हसू येत होतं. रक्षा कुठं आहे?

रक्षा मयुरीच्या मागंच उभी होती, फेटा सावरत. तिनं झूल वाचली होती. न वाचायला ती काय आई होती? पण चेहऱ्यावर काही नव्हतं. दुकानाला कंपन्या कापडं देतात, टोप्या देतात, दिनदर्शिका देतात. त्याचंही उत्तर तयारच होतं, अगदी घडी घालून ठेवलेलं: कंपनीचं आहे, फुकट आलं. आणि ते निम्मं खरंही होतं. वाचलो, त्याला वाटलं.

परीक्षक मंदाबाई ओळीनं प्रश्न विचारत आल्या. बैलाला काय खायला घालतात, पोळा कधी येतो, असलं सोपं. मयुरीपाशी येऊन त्या वाकल्या. ‘अन् हे काय लिहिलं हाये बेटा, तुह्या नंदीवर?’

मयुरीनं मान ताठ केली. हा प्रश्न तिला येत होता, हे तिच्या हनुवटीवरूनच कळत होतं.

‘लकीतुफान! माह्या बाबाच्या मोबाइलमधी हाये ते. कॅलक्युलेटरच्या मांगं राह्यते. बाबा रोज सकाळी त्याच्याशी बोलते. म्हनते, चाल, चाल, आता चाल न बे!’

मैदान हसून लोटपोट झालं. मंदाबाईंनी डोळे पुसले. आई तर पदर तोंडाला लावून वाकून वाकून हसली. रक्षाही हसली. हसता हसता तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळे गणित मांडू लागले. त्याला ते दिसलं. मांडणी चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, हे तिचे विद्यार्थीही सांगतील.

‘मी पुढं होते,’ ती शांतपणे म्हणाली. ‘औक्षणाची थाळी करते म्हटलं. नंदी पयले आपल्याच दारी येतीन न.’

मयुरीला उत्तेजनार्थ एक स्टीलचा डबा मिळाला. घरी येताना ती पुढं, दोरीला नंदी, चाकं खडखडतायत, गल्लीतली पोरं मागं, आणि सगळ्यात शेवटी योगेंद्र, खिशात घुंगरू. त्याला वाटत होतं की आपण घाबरलेलो असायला हवं. तो भीती शोधत होता, किल्ली शोधावी तशी, या खिशात, त्या खिशात... आणि सापडत नव्हती. सापडत होतं ते वेगळंच काहीतरी. महिनोन्‌महिने तो एकटाच त्या नंदीला ओढत होता. चाल, चाल न बे. आणि आज पोरीनं भर मैदानात सांगून टाकलं, किती सोपं होतं ते, चार वाक्यांचं काम...

दारात रांगोळी. रक्षा थाळी घेऊन उभी. तिनं नंदीच्या कपाळी कुंकू लावलं, ओवाळलं, झुलीवर अक्षता टाकल्या. त्या नेमक्या सोनेरी अक्षरांवर पडल्या आणि घरंगळल्या.

‘आता बोजारा!’ मयुरीनं दोन्ही हात पुढं केले. नंदी दारात आला की घरधन्यानं काहीतरी द्यायचंच, त्याशिवाय तो हलत नाही. ‘बाबा, बोजारा द्या!’

योगेंद्रनं खिशात हात घातला. नोट नव्हती, नोटा हल्ली खिशात टिकत नव्हत्या. त्यानं घुंगरू काढून थाळीत टाकलं. ते छान वाजलं.

‘हे तं माह्यंच हाये!’ मयुरी ओरडली. पोरं खदाखदा हसली. ‘बोजारा द्या न!’

‘आनखी काय हाये खिशात, पाहा न,’ रक्षा म्हणाली. आवाज चढला नव्हता. थाळी तिनं होती तिथंच धरली होती, निरांजन तिच्या हनुवटीखाली जळत होतं, आणि ती मयुरीकडे नव्हे, त्याच्याकडे पाहत होती.

हात पुन्हा खिशात गेला. मोबाइल थरथरला. कुठंतरी काहीतरी संपलं होतं, कोणीतरी जिंकलं होतं, आणि मैदानापासून आपण एकदाही पाहिलेलं नाही हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. ते घडी घालून ठेवलेलं उत्तर त्यानं मनात चाचपलं. होतं, जागच्या जागी होतं. पण ते उचलावंसं वाटेना. जो प्रश्न कोणी विचारू नये म्हणून मी उन्हाळ्यापासून घरात दबकत चाललो, तो हिनं किती सहज विचारला... आणि आता तिनं उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नये, एवढंच वाटतंय.

‘देतो,’ तो म्हणाला. बोटं मोबाइलभोवती मिटलेली होती. ‘थाळी धर जराशी. देतो मी.’